सगळ्या कुत्र्यांना एकच पॅकेज: दारात येणाऱ्या ग्रूमिंग व्हॅनपासून सावध राहा

ज्यांच्या घरी कुत्रा आहे आणि जे रायगड, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर राहतात, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं ही विनंती. देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत मे महिन्यात एक ग्रूमिंगची, म्हणजे कुत्र्यांची अंघोळ-केस करून देणारी, व्हॅन आली. माणसाने घरोघरी फिरून वर्षभराच्या पॅकेजचे पैसे गोळा केले, आणि श्रावण लागायच्या आत तो माणूस, व्हॅन, फोन नंबर, सगळंच बेपत्ता झालं. पैसे गेल्याचा राग आहेच. पण माझा खरा संताप वेगळा आहे. धडधाकट कुत्री त्याच्या हाताखालून गेली आणि दवाखान्याच्या पायऱ्या चढली.

तो आला तो हंगाम साधून. मुंबईचे चाकरमानी घरी आलेले, बागेत आंबा उतरवायची घाई, घरात माणसांची वर्दळ आणि कुत्र्यांचे केस सगळीकडे उडत असलेले. बोलणं गोड. सासूबाईंना ‘आई’, मला ‘वहिनी’, शेजारी ‘काका-काकू’. आमची चंपी पांढरी स्पिट्झ आहे. इकडे सगळे तिला पामेरियनच म्हणतात. त्याने तिला ओट्यावर उभी केली, खिशातून बारीक दात्यांचं लोखंडी पातं काढलं आणि तिच्या मांडीवरून खसाखसा ओढलं. मूठभर पांढरी लव सुटून आली. ती त्याने सासूबाईंच्या हातावर ठेवली. “बघा आई, केस मुळातून सुटतायत. आत बुरशी धरलीय. आत्ता मशीन मारून घेतलं नाही तर पावसात कातडी सोलवटून निघेल.”

हीच त्याची हातचलाखी, आणि ती घराघरात चालली. स्पिट्झ, लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, हस्की या कुत्र्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वर लांब, राठ केस आणि खाली दाट, मऊ लव. ही लव वर्षभर थोडीथोडी झडते आणि ऋतू बदलताना भराभर झडते. तसलं पातं मे महिन्यात कुठल्याही निरोगी स्पिट्झवर फिरवा, मूठ भरणारच. सुटलेली लव विंचरून काढणं हेच तर या जातींचं मुख्य ग्रूमिंग. त्याने तीच लव रोगाचा पुरावा म्हणून विकली. बुरशीचा संशय असेल तर डॉक्टर चट्ट्याच्या कडेचे केस आणि कोंडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, खास दिवा लावून तपासतात, गरज पडली तर प्रयोगशाळेत पाठवतात. कुणी दारात येऊन बुरशी आहे म्हणून सांगितलं तर आधी हे आठवा: हातावरच्या लवेकडे बघून बुरशी ठरत नाही.

पॅकेज सगळ्यांना एकच. दर आठ दिवसांनी अंघोळ, दर दीड महिन्याने मशीनने केस उतरवणं, महिन्यातून एकदा गोचिडांचं औषध. वर्षाचे ९,६०० रुपये, आजच्या आज भरले तर ६,०००. पैसे फोनवरून घ्यायचे आणि पावती म्हणून व्हॉट्सॲपवर एक रंगीत कार्ड पाठवायचं. वाडीत त्याने हेच कार्ड आमच्या स्पिट्झला, शेजारच्या काकूंच्या लॅब्रॅडॉरला, नणंदेने आमच्याकडे ठेवलेल्या शिह त्झूला आणि काकांच्या गावठी टिपूला विकलं. चारही कुत्र्यांच्या अंगाची ठेवण वेगळी. त्यातल्या एकालाही ते वेळापत्रक लागू पडत नव्हतं.

चंपीला त्याने व्हॅनमध्ये नेऊन कातडीपर्यंत भादरलं. बाहेर आली तेव्हा सासूबाई “अगो, ह्या काय केल्यान!” म्हणून मटकन खालीच बसल्या. आता उन्हाळ्यात तिला गार वाटेल, असं त्याचं उत्तर. हे ऐकायला पटतं, कारण आपण आपल्या अंगावरून विचार करतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी मुख्यतः पंजांच्या गाद्यांत असतात, आणि शरीरातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. नीट विंचरलेले दोन थर उन्हाची धग कातडीपर्यंत सहज पोचू देत नाहीत. ते काढले की कातडी उघडी पडते. चंपीची पाठ आठवड्याभरात भाजल्यासारखी लाल झाली आणि ती दिवसभर न्हाणीघराच्या ओल्या लादीवर पडून राहू लागली.

त्यापुढचं नुकसान हळूहळू दिसलं. लव परत आली, पण वरचे राठ केस आलेच नाहीत. कंबरेच्या दोन्ही बाजूंना काळपट, गुळगुळीत चकत्या उरल्या. कणकवलीला डॉक्टरांना दाखवलं तेव्हा त्यांनी थायरॉईडसाठी रक्त तपासलं, कारण थायरॉईड कमी असलं तरी केस असेच रखडतात. ते ठीक निघालं. मग त्यांनी सांगितलं की दोन थरांच्या जातींमध्ये, विशेषतः पामेरियन, हस्की यांच्यात, मशीन मारल्यावर केस परत न येण्याचा प्रकार वैद्यकात माहीत असलेला आहे; त्याला पोस्ट-क्लिपिंग ॲलोपेशिया म्हणतात. केस यायला सहा महिने, वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं, आणि पोत पहिल्यासारखा होईलच असं नाही. अशा कुत्र्याला लागतं ते एवढंच: आठवड्यातून दोन-तीनदा कातडीपर्यंत पोचेल असं विंचरणं, लव झडण्याच्या दिवसांत रोज, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी अंघोळ. पंजाखालचे आणि शेपटीखालचे केस कापले की कात्रीचं काम संपलं. यासाठी वर्षाला ६,००० रुपये लागत नाहीत. एक चांगला ब्रश लागतो.

काकूंच्या लॅब्रॅडॉरची, टायगरची, गोष्ट पावसाळ्यातली. त्याचे केस आखूड असल्यामुळे मशीनचा प्रश्न आला नाही, पण आठवड्याची अंघोळ मात्र व्हॅनवाल्याने चुकवली नाही. लॅब्रॅडॉर ही जात न्यूफाउंडलंडच्या मच्छीमारांबरोबर पाण्यात काम करणाऱ्या कुत्र्यांपासून आली. तिच्या केसांत मुळातच तेलकटपणा असतो, त्यावरून पाणी निथळून जातं. दर आठ दिवसांनी शांपू चोळला की ते तेल धुऊन निघतं, कातडी कोरडी पडते, कुत्रा खाजवायला लागतो. वरून आपला आषाढ. भिंतींना ओल, उन्हाचा पत्ता नाही, दोरीवरचे कपडे वाळत नाहीत तिथे कुत्र्याची आतली लव कुठून वाळणार? हा माणूस ड्रायर वरच्या वर फिरवायचा, वरचे केस सुकले की ‘झालं’ म्हणायचा. लव ओलीच.

एके दिवशी काकूंना टायगरच्या पट्ट्याखाली रुपयाएवढा ओला, चिकट डाग दिसला. दुसऱ्या दिवशी तो तळहाताएवढा झाला होता. केस पुवाने चिकटलेले, वास येत होता, आणि हात लावला की एरवी कुणावर न गुरगुरणारा टायगर दात दाखवत होता. “सांगा हो डॉक्टर, माझ्या टायगराक काय झाला?” म्हणून काकू रडत होत्या. याला हॉट स्पॉट म्हणतात. ओल आणि खाजवणं मिळून तो तासातासाला पसरतो. डॉक्टरांनी जखमेभोवतीचे केस काढले, जंतुनाशकाने धुतलं, औषधं दिली, गळ्यात प्लास्टिकची कॉलर घालायला लावली. लॅब्रॅडॉरला आठवड्यातून एकदा-दोनदा रबरी ब्रश आणि दीड-दोन महिन्यांनी अंघोळ पुरते. समुद्रावर नेऊन आणलंत तर गोड्या पाण्याने खारट पाणी आणि वाळू धुऊन टाका, दर वेळी शांपू नको. आणि पावसाळ्यात अंघोळ घातलीत तर केस बोटांनी फाकवून मुळाशी हात लावून बघा. तिथे ओलसर लागलं तर अजून पुसायचं बाकी आहे.

शिह त्झूच्या बाबतीत उलटंच झालं, आणि त्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. शिह त्झू, ल्हासा, माल्टीज, पूडल यांचे केस वाढतच राहतात, फारसे झडत नाहीत, सुटलेला केस इतरांत अडकून गुंता होतो. यांना खरोखरच सारखं करावं लागतं: लांब केस ठेवायचे तर रोज विंचरणं, आणि दर चार ते सहा आठवड्यांनी कापणं. म्हणजे जिथे खरं काम होतं तिथेच याने अंग चोरलं. वरवर ब्रश फिरवून, कपाळावर रिबन बांधून तो फोटो पाठवायचा आणि नणंद मुंबईत खूश. कानांमागे, काखेत, मांडीच्या आत जटा तयार झाल्या होत्या. जट न सोडवता अंघोळ घातली की ती आणखी आवळते आणि कातडीला ताण बसतो. डॉक्टरांनी एका काखेतली जट काढली तेव्हा खाली कातडी लालभडक, ओली होती. जट कळायला साधी बारीक फणी पुरते. ब्रश वरून सरकून जातो, फणी मुळापासून टोकापर्यंत अडकली नाही तरच काम झालं समजा.

गावठी टिपूला यातलं काहीच नको होतं. आखूड, एकसारखे केस. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने किंवा रबरी ब्रशने पुसलं आणि चिखलात लोळला तर धुतला, भागलं. बीगल, डॅशहुंड, डॉबरमन यांचंही थोड्याफार फरकाने तेच. टिपूला गरज आहे ती पावसाळ्यात रोज बोटांच्या फटी, कानांच्या आतल्या बाजू आणि शेपटीखाली गोचीड तपासायची.

आता गोचिडांच्या त्या औषधाबद्दल. प्लास्टिकची पांढरी बाटली, वर लेबल नाही. ‘इम्पोर्टेड आहे, मोठ्या कॅनमधून काढून देतो’ म्हणाला. झाकण उघडलं आणि मला थेट मोहरावर मारतात त्या फवारणीचा वास आला. आमच्या घरात बाग आहे, हा वास आम्ही लहानपणापासून ओळखतो. बाटलीत नेमकं काय होतं ते लेबलाशिवाय डॉक्टरांनाही सांगता आलं नाही, पण त्यांनी बजावलं की बागेतली फवारणी अंदाजाने पाण्यात मिसळून कुत्र्यावर वापरणं म्हणजे विषबाधेला आमंत्रण. शिवाय परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन यांसारखी औषधं मांजरांना घातक ठरतात. ती लावलेल्या कुत्र्याला मांजर चाटलं किंवा चिकटून झोपलं तरी त्याला झटके येऊ शकतात. आमची मनी चंपीच्या पोटाशीच झोपते. ती बाटली आम्ही वापरली नाही, पण वाडीत इतरांनी वापरली. गोचिडांमधून एर्लिकिया, बबेशियासारखे ताप होतात, कुत्री दगावतात, तेव्हा औषध हवंच. पण ते घटक, कुत्र्याच्या वजनाप्रमाणे मात्रा आणि मुदत छापलेलं हवं, आणि पशुवैद्यांना विचारून.

याशिवाय तो दर खेपेला शेपटीखालच्या ग्रंथी पिळायचे २०० रुपये वेगळे घ्यायचा. निरोगी कुत्र्याला त्या नियमित पिळायची गरज नसते. कुत्रा बूड घासत फिरत असेल तर डॉक्टरांना दाखवा. नखं मात्र तीन-चार आठवड्यांनी बघावीत. फरशीवर टकटक आवाज यायला लागला की वाढली.

चांगले ग्रूमर आपल्याकडे आहेत, आणि माझा आक्षेप ग्रूमिंगला नाही. पण दर सांगण्याआधी जो केसांत बोटं घालून बघत नाही, कुत्र्याला आधी काही आजार, गाठी, ॲलर्जी आहे का हे विचारत नाही, दोन थरांच्या कुत्र्याला उन्हाळी कट सुचवतो, काम करताना मालकाला दाराबाहेर ठेवतो आणि सगळ्या वर्षाचे पैसे आधी मागतो, त्याच्या हातात कुत्रा देऊ नका. दर खेपेचे पैसे दर खेपेला द्या. नाव, पत्ता आणि कामाचा तपशील असलेली पावती मागा.

आमच्यापैकी ज्यांचे पैसे अडकले त्यांनी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण जिथे राहतो त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, समोरचा कुठला का असेना. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील बंधनकारक नाही, आणि मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. सारखीच तक्रार असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीने एकत्रही जाऊ शकतात. आम्ही तीच तयारी करत आहोत. तुमच्या फोनमध्ये असंच वर्षभराच्या पॅकेजचं रंगीत कार्ड पडलेलं असेल तर ते पुसू नका. पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक, त्याच्याशी झालेले मेसेज, कुत्र्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो, दवाखान्याची बिलं, सगळं तारखेसह एका जागी ठेवा आणि तुमच्या जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज द्या. वेगवेगळ्या तालुक्यांतून एकाच माणसाचे अर्ज आले तरच त्याचा माग लागेल.