स्प्रे गन आठ महिने वापरल्यावर

गेल्या दिवाळीच्या आधी विजेवर चालणारी, हातात धरायची स्प्रे गन घेतली, ८०० मिलीच्या डब्याची. आतापर्यंत आईचं लोखंडी कपाट, चार दारं, झोपाळा आणि अर्धी ग्रिल झाली. अर्धीच का, ते पुढे.

पहिल्या दाराला ऑइल पेंट डब्यातून तसाच ओतला. गन गुरगुरली, थुंकली आणि मग एवढी सुटली की दारभर ओघळ. दोन दिवस वाळू दिलं, घासलं, पुन्हा सुरुवात. गनसोबत रंगाचा दाटपणा बघायला तळाला भोक असलेलं एक छोटं माप येतं, ते मी लेकीला भातुकलीत देऊन टाकलं होतं! ते रंगात बुडवून वर काढायचं आणि धार तुटेपर्यंत सेकंद मोजायचे. टर्पेंटाइन थोडं थोडं घालत तीस सेकंदांच्या आसपास आणलं की माझ्या गनमधून धुक्यासारखा फवारा येतो. रंग जुन्या ओढणीतून गाळायचा, साय धरलेली असेल तर दोनदा.

गन वीतभर लांब धरायची. मनगट न वळवता अख्खा हात सरळ न्यायचा, ट्रिगर दाराच्या कडेबाहेर दाबायचा आणि पलीकडे गेल्यावरच सोडायचा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. रंगाचा पहिला हात इतका पातळ की खालचं दिसत राहावं. माझा धीर नेमका इथेच सुटतो. एप्रिलच्या दुपारी रंग हवेतच सुकून रवाळ बसला, तेव्हापासून काम सकाळी नऊच्या आत.

मास्कवर मी कंजुषी केली. कोविडमधले उरलेले एन-९५ थेंब आणि धूळ अडवतात, वाफ नाही. कपाटाच्या दिवशी संध्याकाळी डोकं असं ठणकलं की जेवण गेलं नाही. आता कार्बन फिल्टरचा मास्क, चष्मा आणि काम अंगणातच. हार्डवेअरवाल्याने ‘लवकर सुकतं’ म्हणून एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांसाठीचा) थिनर दिला होता, तो परत केला. माझ्या गनच्या पुस्तिकेत ज्याची वाफ २१ अंश सेल्सिअसखालीही ठिणगीने पेट घेते असं काही भरू नका असं स्पष्ट लिहिलंय, आणि मोटरची एक ठिणगी पुरते. आईलाही त्या दिवशी समई उशिरा लावायला सांगतो.

जुनी दारं मात्र ओल्या पॉलिश पेपरनेच घासली. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, आमची दारं त्याच्या कितीतरी आधीची. ती धूळ लेकीच्या नाकात नको.

कपाटाचा पत्रा ब्रशने जन्मात असा झाला नसता. पण ग्रिलला गन म्हणजे निव्वळ नासाडी: निम्म्याहून जास्त रंग गजांच्या मधून पलीकडे, आणि थोडा शेजारच्या काकांच्या स्कूटरवर. धुणं वेगळंच, दर वेळी अर्धा तास. एकदा ‘उद्या बघू’ म्हटलं, तर नोझल अशी जाम झाली की नवीच घ्यावी लागली. उरलेली ग्रिल ब्रशनेच करतोय. काकांची स्कूटर पुसून दिली, आरशावर दोन ठिपके अजून आहेत.