सेल्फच्या बुशात ग्रीस नको: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझी गाडी जुनी. पॉइंट्सवाली (ठिणगीसाठी यांत्रिक संपर्क असलेली), डायनॅमोवाली (बॅटरी चार्ज करणारा जुन्या पद्धतीचा जनरेटर), पुढच्या चाकांना किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती उभी पिन) असलेली. गेल्या आठ महिन्यांत ती साधारण 4,000 किलोमीटर चालली. तेवढ्या काळात तिच्या बुशांना (शाफ्ट किंवा पिन ज्यात बसते त्या धातूच्या छोट्या नळ्यांना) मी दोनच गोष्टी घातल्या: व्हीजी 68 ग्रेडचं (व्हीजी म्हणजे तेलाच्या दाटपणाचा आकडा) टर्बाइन ऑइल आणि मॉलीवालं (मॉलिब्डेनम डायसल्फाइडची काळी पूड मिसळलेलं) लिथियम ग्रीस, एनएलजीआय 2 घट्टपणाचं (ग्रीसच्या घट्टपणाच्या मोजपट्टीवर मधलं). दोन्हींवर मी खूश आहे. पण कुठलं कशात घालायचं हे कळेपर्यंत एक सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) वाया गेला, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

सेल्फ एका गॅरेजमध्ये खोलून घेतला होता. नवे बुश बसले, आणि आता वर्षानुवर्षं बघायला नको म्हणून त्यांत बोटाने ग्रीस भरून मिळालं. काही महिने ठीक गेले. मग सकाळी गार इंजिनावर सेल्फ जड फिरायला लागला, बॅटरी चांगली असूनही. घरी खोलला तर आर्मेचरवर (मोटरच्या फिरत्या भागावर) चकचकीत ओरखडे. बुश एका अंगाने झिजला होता आणि आर्मेचर पोल शूला (भोवतीच्या स्थिर लोखंडी तुकड्याला) घासत होतं. बुशाच्या आतला तपकिरी थर नखाने खरवडला तर पापुद्र्यासारखा सुटून आला.

झालं असं, की सेल्फमधले हे बुश ओतीव नसतात. कांस्याची भुकटी साच्यात दाबून भट्टीत भाजतात, त्यामुळे धातूत बारीक छिद्रं राहतात आणि त्यांत तेल मुरवलेलं असतं. बुशाच्या आकारमानाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा तेलच. क्रायसलरने 1930च्या दशकात ‘ऑइलाइट’ नावाने हे बुश गाड्यांत रुळवले. शाफ्ट फिरून बुश तापला की तेल बाहेर येतं, गार झाला की छिद्रं ते परत ओढून घेतात. ग्रीसला घट्टपणा देणारा त्यातला साबण हीच छिद्रं बुजवतो, आणि मग आत तेल असून उपयोग नाही. असा बुश पेट्रोलने धुणंही तितकंच वाईट, मुरलेलं तेल निघून जातं.

नवा बुश बसवताना मी एक जुनी युक्ती केली. बुश अंगठ्यावर उभा धरायचा, काठोकाठ तेल भरायचं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वरून जोरात दाबायचं. थोड्या वेळाने बुशाच्या बाहेरच्या अंगावर घाम फुटल्यासारखे तेलाचे थेंब येतात. ते दिसले की बुश तयार. हे पहिल्यांदा बघताना मला खरंच आनंद झाला. घट्ट दिसणारा धातू आपल्या डोळ्यांदेखत पाझरतो. तेव्हापासून सेल्फने एकदाही कुरकुर केलेली नाही.

डायनॅमोच्या मागच्या बुशालाही हेच तेल. छिद्रातून दोन-तीन थेंब, बस. जास्त घातलं तर कम्युटेटरवर (ब्रश जिथे घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांवर) जातं आणि कार्बन ब्रश खराब होतात. डिस्ट्रिब्युटरमध्ये (प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागात) रोटरखालच्या फेल्टला दोन थेंब, कॅमच्या उंचवट्यांवर मात्र ग्रीसचा पुसटसा हात.

किंगपिनचं गणित वेगळं. तिथले बुश भरीव, आत ग्रीसचे चर, आणि पिन गोल फिरत नाही, नुसती डावी-उजवीकडे वळते. एवढ्या मंद हालचालीत तेलाची फिल्म तयारच होत नाही, भार मात्र अख्ख्या पुढच्या अंगाचा. इथे मॉलीवालं ग्रीस शोभतं. सुरुवातीला मी गाडी जमिनीवर ठेवूनच निपलला (ग्रीस भरायच्या बारीक तोटीला) ग्रीस गन मारायचो. ग्रीस बाहेर यायचं, पण मोकळ्या बाजूने. जिथे पिन बुशावर दाबलेली असते तिथे पोचायचंच नाही. आता चाक जॅकवर लोंबकळतं ठेवतो आणि गन मारता मारता स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून घेतो. खालच्या डाव्या निपलमधून काहीच जाईना, तेव्हा निपल काढला. आत जुनं ग्रीस खडूसारखं वाळलेलं. तारेने मार्ग मोकळा केला, मग आधी काळं, मग नवं ग्रीस दिसलं. वळणानंतर स्टिअरिंग आता आपणहून सरळ येतं, दर 1,500 किलोमीटरला एकदा गन मारली की पुरतं.

निपल दिसला की ग्रीस, हाही नियम मानू नका. ट्रायम्फ हेरल्ड या जुन्या ब्रिटिश गाडीच्या पुढच्या कांस्याच्या ट्रनियनला (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या आटेदार सांध्याला) कंपनीने गिअर ऑइल सांगितलंय. ग्रीस आट्यांत नीट पोचत नाही, पाणी शिरतं आणि शेवटी त्यात बसणारी उभी दांडी, व्हर्टिकल लिंक, मोडते. आपल्या गाडीचं मॅन्युअल आधी वाचा.

तक्रारी दोन. टर्बाइन ऑइल दाराच्या बिजागऱ्यांवर टिकत नाही, तीन आठवड्यांत पुन्हा करकर. आणि मॉलीचा काळा डाग कपड्यावरून जात नाही, ग्रीसिंगचे कपडे वेगळेच ठेवा. रबरी बुशांना यातलं काहीच लावू नका, रबर फुगतं.

मागच्या उजव्या शॅकलचा (पाटा स्प्रिंगचं टोक गाडीला जोडणाऱ्या कडीचा) आवाज मात्र अजून गेलेला नाही. गन मारली की दोन दिवस शांत, मग परत. पिनच झिजली असावी असं वाटतंय. पुढच्या सुट्टीत काढून मापणार आहे.