सलाम-ए-इश्क, मेट्रो आणि चावीची गोष्ट

एकाच सिनेमात पाच-सहा प्रेमप्रकरणं असली की आमच्या घरी दोन तट पडतात. सासूबाईंना म्हातारी जोडी हवी असते, भाचीला भांडणारी आणि आमच्या ह्यांना इंटरव्हल. मला हा प्रकार मनापासून आवडतो, म्हणून आधीच सांगते : जोड्या किती आहेत याला महत्त्व नाही, त्या एकमेकींच्या पायात येतात का ते बघायचं.

'लव्ह अ‍ॅक्च्युअली' (२००३) पुन्हा लावला. तो पाट्या दाखवणारा सीन आठवतोय ना? जिवलग मित्राच्या नव्या नवरीला दारात उभं राहून, तोंडातून शब्द न काढता प्रेम सांगायचं. तेव्हा आम्ही 'आई गं, किती गोड' म्हणालो होतो. भाची म्हणाली, "मावशी, हा माणूस डेंजर आहे. नवरा आत बसलाय!" बरोबरच आहे तिचं. पण एम्मा थॉम्प्सनच्या सीनला तीही गप्प झाली. नवऱ्याच्या कोटात सोन्याचा हार सापडलेला आणि ख्रिसमसला स्वतःच्या हातात पडते जोनी मिचेलची सीडी. बाई बेडरूममध्ये जाऊन रडते, डोळे पुसते, पलंगावरची चादर सारखी करते आणि मुलांसमोर हसत येते. ती चादर सारखी करणं कुठल्याही बाईला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

ह्याच सिनेमावर बेतलेला निखिल अडवाणीचा 'सलाम-ए-इश्क' (२००७). सहा जोड्या आणि तीन तासांहून बराच जास्त वेळ. जॉन आणि स्मृती गेलेली विद्या बालन ठीक, टॅक्सीवाला गोविंदा तर फारच लोभस. पण विद्याच्या दुःखात जरा कुठे शिरावं तर सलमान-प्रियांकाचा धांगडधिंगा सुरू. सीरियल बघताना कोणीतरी सारखं चॅनल बदलतंय असं वाटतं. हे दुसऱ्या तासाला घोरायला लागले.

त्याच वर्षीचा अनुराग बासूचा 'लाइफ इन अ मेट्रो' मात्र घट्ट विणलेला, कारण त्यात एक फ्लॅट आहे. मुंबईत एकांताला जागा नाही, म्हणून शर्मन जोशी आपल्या घराची चावी वरिष्ठांना देतो आणि बढतीची वाट बघतो. के के मेनन तिथे कंगनाला आणतो, जिच्यावर शर्मनचाच जीव आहे. के केची बायको शिल्पा, शिल्पाची बहीण कोंकणा आणि कोंकणाची रूममेट कंगना. एक चावी फिरली की चार घरं हलतात. सासूबाईंना धर्मेंद्र-नफिसा अली मिळाले, त्या खूश. मला इरफान. स्थळ बघायला येऊन नको तिथे नजर लावणारा हा बावळट माणूस पुढे कोंकणाला गच्चीवर नेऊन पोटातलं सगळं ओरडून टाकायला लावतो. दोघांना फिल्मफेअरही मिळालं, आणि ते योग्यच होतं.

'मेट्रो इन दिनों' (२०२५) मध्ये नवऱ्याला डेटिंग अ‍ॅपवर खोट्या प्रोफाइलने पकडणारी कोंकणा आहे आणि तेवढा भाग झकास. बाकी संवाद गाण्यात म्हणायची हौस फार. प्रीतमची गाणी चांगली असूनही माणसं बोलायला लागली की बरं वाटतं. पाचपैकी तीन तारे, त्यातला एक कोंकणा-पंकज त्रिपाठीचा.