रबरी बोट बांधायची कशी : बोलाइन की वेढा-गाठ?

पंचगंगेला पूर आला की कोल्हापुरात हवेच्या रबरी बोटी बाहेर निघतात. बोट हलकी, वारा नि ओढ तिला सहज फिरवतात, म्हणून गाठ महत्त्वाची.

बोलाइन म्हणजे दोराच्या टोकाला पक्का फास करणारी गाठ. तिचा फास आवळत नाही, कितीही ताण आला तरी नंतर सुटतो. पण दोर ताणलेला असताना ती सोडता येत नाही, आणि इथेच पुरात घात होतो. पाणी चढत असताना आखूड बांधलेला दोर बोटीचं नाक खाली ओढतो, तेव्हा दोर लगेच सैल करता आला पाहिजे.

ते जमतं वेढा-गाठीत. खांबाभोवती दोर दोनदा फिरवायचा, मग ताणलेल्या दोरावर दोन अर्ध्या गाठी, म्हणजे टोक त्या दोराभोवती फिरवून त्याच फेऱ्याखालून बाहेर काढायचं, असं दोनदा. सगळा भार वेढे पेलतात, म्हणून ताणातही हळूहळू सोडता येते. गुळगुळीत नायलॉनला तिसरी अर्धी गाठ द्याच.

माझं मत स्पष्ट आहे: बोटीच्या कडीला बोलाइन, काठावर वेढा-गाठ. बोट उचलायच्या पट्ट्याला मात्र दोर कधीच बांधू नका, तो उखडतो. आणि घाटाच्या दगडी पायरीवर रबर घासणार नाही एवढं अंतर ठेवा.