क्यूएचईएस वापरून पाहिलं : ५ पैकी ३ तारे

ऐरोलीत एका औषध कंपनीच्या ऑफिसात बसून मी ‘हे औषध पैसे वसूल आहे का’ हे सांगणारे अभ्यास वाचते. त्यांचा दर्जा तपासायला दोन महिने क्यूएचईएस वापरतेय. २००३ ची यादी, फुकट. १६ प्रश्न, उत्तर हो किंवा नाही, प्रत्येकाचे गुण ठरलेले, बेरीज १००. साहेबांना एकच आकडा हवा असतो, तो मिळतो. एक तारा त्याचाच.

खरी गंमत डायलिसिसच्या एका पेपरवर झाली. घरी पोटातून करायचं की हॉस्पिटलात मशीनवर, अशी तुलना. मी ७१ दिले, शेजारच्या टेबलावरच्या मुलाने ८६. पंधराचा फरक, तोही दोनच प्रश्नांत. एक ७ गुणांचा. त्यात कालावधी आणि डिस्काउंटिंग (पुढच्या वर्षांतला खर्च-फायदा आजच्या किमतीत कमी धरणं) एकत्र कोंबलंय. लेखकांनी खर्चाला ३ टक्के दर लावला, क्वालींना (आयुष्याची वर्षं, तब्येतीच्या दर्जानुसार मोजलेली) लावलाच नाही. एचटीएआयएन, म्हणजे उपचार पैसे वसूल आहेत का हे तपासणारी आपली सरकारी संस्था, तिच्या पद्धतीत दोन्हींना ३ टक्के. “ताई, निम्मं तर केलंय की!” तो मुलगा म्हणे. पण मूळ पद्धतीत निम्मे गुण नाहीतच.

दुसरा ८ गुणांचा, खर्च नीट मोजला का. पेपरात लिहिलंय ‘समाजाच्या दृष्टीने’, मोजलंय फक्त हॉस्पिटलचं बिल. कळव्याला आमच्या सोसायटीतले काका आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातात. वर्षाला १५६ फेऱ्या, येता-जाता रिक्षा, सोबत काकू. काकू पोळ्या करून देतात. सोम-बुध-शुक्र ऑर्डर घेत नाहीत. त्या बंद तव्याचा रकाना पेपरात कुठेच नाही. तरी दृष्टिकोन, म्हणजे खर्च कुणाच्या बाजूने मोजला ते, ‘लिहिलाय’ म्हणून त्याच्या वेगळ्या प्रश्नाचे ४ गुण मलाही द्यावे लागले.

आणि अभ्यासाला पैसे कुणी दिले हे लपवलं, तर जातात किती? ३ गुण. औषध कंपनीत बसून मी हे म्हणतेय, बघा.

काही जण याच कामाला चीअर्स २०२२ ही यादी वापरतात. कृपा करून त्यावर गुण देऊ नका. त्यातले २८ मुद्दे पेपरात काय काय छापलंय एवढंच बघतात. पत्रिकेत सगळ्या मामा-काकांची नावं आली म्हणून पंगत चांगली उठेल असं थोडंच असतं?

त्यापेक्षा ‘चेक’ (CHEC) नावाची यादी जोडीला ठेवा. २००५ ची, १९ प्रश्नांची. निवडलेला दृष्टिकोन योग्य आहे का, असं ती सरळ विचारते. बेरीज करून द्यायला आकडा नाही, त्यामुळे साहेबांना आवडत नाही.

क्यूएचईएस वापरायचंच असेल तर दोघांनी वेगवेगळं भरा, मग ताळा करा. पेपरची पुरवणी उघडायचा कंटाळा करू नका, दरांचे तक्ते तिथेच दडलेले असतात. मला एका पेपरला दीड तास लागतो. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला वीस मिनिटं, आणि फाइलीत अजून त्याचेच ८६ आहेत.