लीड्समधली एक वर्षाची एम.एस्सी.: शिकून झाल्यावरचा सविस्तर अनुभव

मी मूळची सोलापूरची. सिव्हिल इंजिनिअरिंगनंतर पुण्यात वाहतूक नियोजनाच्या कामात काही वर्षं नोकरी केली आणि सप्टेंबर 2024 मध्ये इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात ट्रान्सपोर्ट प्लॅनिंगच्या एम.एस्सी.ला गेले. पदवी हातात आली, परत पुण्यात कामाला लागले, तरी 'ताई, जाऊ का?' असे मेसेज अजून येत असतात. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत उत्तर देण्यापेक्षा इथे सगळं लिहिते.

मत आधीच सांगते. शिक्षण म्हणून मी या वर्षाला दहापैकी नऊ गुण देईन. तिथे नोकरी लागण्याची वाट म्हणून पाच. हे दोन हिशेब एकत्र करू नका. कर्ज काढताना घरी जो वाद होतो, तो बहुतेक वेळा दुसऱ्या हिशेबावर होतो आणि पहिल्याबद्दल कुणी विचारतच नाही.

मास्टर्स म्हणजे 180 क्रेडिट. एका क्रेडिटमागे दहा तासांचा अभ्यास धरलेला असतो, म्हणजे वर्षाला 1800 तास. त्यातले वर्गातले तास फारच थोडे. बाकीचा वेळ वाचन, लेखन, डेटावर काम. दर लेक्चरच्या आधी रीडिंग लिस्ट आलेली असते आणि ती वाचली आहे असं धरूनच सर किंवा मॅडम बोलायला सुरुवात करतात. (तिथे सर-मॅडम म्हणत नाहीत, प्राध्यापकांनाही नावाने हाक मारतात. मला ते जमायला दिवाळी उजाडली.) सेमिनारला दहा-पंधरा जण गोल बसतात आणि तुम्ही बोलला नाहीत तर ते लगेच लक्षात येतं.

लीड्समध्ये वाहतूक शिकण्याला वेगळाच अर्थ आहे. या शहरातली ट्राम 1959 मध्ये बंद झाली. पुढे सुपरट्रामचा मोठा प्रकल्प आखला, तो 2005 मध्ये सरकारने रद्द केला. मग ट्रॉलीबसची (वरच्या तारांमधल्या विजेवर चालणाऱ्या बसची) योजना आली, तीही 2016 मध्ये फेटाळली गेली. एवढ्या मोठ्या शहरात आजही मेट्रो नाही, ट्राम नाही, सगळी भिस्त बसवर. एका सेमिनारमध्ये आम्हाला दोन गटांत बसवलं आणि माझ्या गटाला 2005 चा निर्णय बरोबर कसा होता हे मांडायला सांगितलं. मनाला न पटणारी बाजू कागदपत्रं काढून, खर्चाचे आकडे तपासून मांडायची. इतक्या वर्षांच्या शिक्षणात माझ्याकडून हे कुणी करून घेतलं नव्हतं.

आणि निबंधावरचे शेरे. एका निबंधात मी लिहिलं होतं की पुण्यात बीआरटीमुळे, म्हणजे बससाठी राखून ठेवलेल्या मार्गिकेमुळे, प्रवासाचा वेळ वाचला. समासात तीन प्रश्न आले: कोणाचा वेळ? बसमधल्यांचा, की थांब्यावर पोचायला रस्ता ओलांडणाऱ्यांचा? पुरावा कुठे आहे? कात्रज-स्वारगेट मार्गावर 2006 मध्ये बीआरटी सुरू झाली. तिथे रस्त्याच्या मधोमध असलेल्या थांब्यांवर मी स्वतः गाड्या चुकवत गेलेली आहे, म्हाताऱ्या बायकांना हात धरून पलीकडे नेलं आहे. पण तो वेळ, ती धास्ती कधी मोजायची असते हे त्या शेऱ्यापर्यंत मनात आलं नव्हतं. माझ्या लेखी सगळी फी या तीन प्रश्नांत वसूल झाली. पुढे प्रबंधाचा विषयही त्यातूनच निघाला: संध्याकाळनंतर बसची वाट पाहणाऱ्या बायका.

गुणांबद्दल घरच्यांना आधीच सांगून ठेवा. पास व्हायला 50 लागतात, मेरिटला 60, डिस्टिंक्शनला 70. तिथे 68 मिळाले की वर्गमित्र अभिनंदन करतात, इकडे आई विचारते, 'बाकीचे कुठे गेले?'

प्रबंध 60 क्रेडिटचा, म्हणजे एक तृतीयांश पदवी. त्यात लोकांच्या मुलाखती घेणार असाल तर आधी एथिक्स अप्रूव्हल, म्हणजे संशोधनाच्या नीतिनियमांची मंजुरी, लागतं. फॉर्ममध्ये विचारतात की मुलाखत देणाऱ्या बाईला मध्येच थांबावंसं वाटलं तर काय कराल, रेकॉर्डिंग कुठे ठेवाल, कधी पुसाल. ही मंजुरी यायला आठवडे जातात, म्हणून विषय मार्चमध्येच पक्का करा. जूनपर्यंत रेंगाळलेल्यांची उन्हाळ्यात फार ओढाताण झाली.

ब्रदरटन लायब्ररीची गोल रीडिंग रूम 1936 ची आहे. वर प्रचंड घुमट, भोवती हिरवट संगमरवरी खांब. सुचेनासं झालं की मी तिथे जाऊन बसायचे.

आता पैसे. माझ्या वेळी व्हिसाची फी 490 पौंड होती, नंतर ती वाढली. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड, पण व्हिसा कोर्सनंतर चार महिने जास्तीचा मिळतो म्हणून दीड वर्षाचे 1164 भरावे लागतात. तेही आगाऊ. या दोन्ही रकमा कर्जाच्या अर्जात बरेच जण धरत नाहीत. राहण्याच्या खर्चाची रक्कम खात्यात सलग 28 दिवस दिसावी लागते, एक दिवस जरी शिल्लक खाली गेली तरी अर्ज अडतो. क्षयरोगाची तपासणी ब्रिटिश सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रातच होते, आपल्या फॅमिली डॉक्टरांचं सर्टिफिकेट चालत नाही. अधिभार भरला की डॉक्टरची फी लागत नाही, मात्र दाताचं काम त्यात येत नाही. दाढ दुखत असेल तर सोलापुरातच दाखवून या, हे अगदी कळकळीने सांगते.

घराचा अनुभव वाईट होता. हेडिंग्लीजवळ लाल विटांच्या जुन्या चाळवजा रांगेत आम्ही चौघी राहत होतो. कपाटामागच्या भिंतीला नोव्हेंबरपासून काळी बुरशी धरली. घरमालकाला फोटो पाठवले, त्याचं उत्तर एकच: खिडक्या उघड्या ठेवा. घर सोडताना त्याच भिंतीच्या रंगकामाचे पैसे त्याने आमच्या डिपॉझिटमधून कापायला काढले. तिथे एक चांगला कायदा आहे. डिपॉझिट मालकाने 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत संरक्षित करावं लागतं आणि वाद झाला तर त्या योजनेकडे फुकटात दाद मागता येते. आम्ही राहायला आलो त्या दिवशीच्या फोटोंसह सगळा पत्रव्यवहार पाठवला आणि पूर्ण रक्कम परत मिळाली. तेव्हा किल्ली हातात आली की बॅग उघडण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, गादी उचलून खालचेसुद्धा. पूर्णवेळ विद्यार्थ्यांना काउन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा स्थानिक कर) माफ असतो, त्याचं पत्र विद्यापीठाकडून पहिल्या आठवड्यातच घ्या.

कामाचे नियम नीट वाचा. सत्र चालू असताना आठवड्याला 20 तास. उन्हाळ्यात पूर्णवेळ काम करून फी फेडू असं इकडचे एजंट सर्रास सांगतात, पण मास्टर्सवाल्यांसाठी प्रबंधाचा उन्हाळा हा सुट्टीचा काळ नाही, तेव्हाही मर्यादा 20 तासांचीच. स्वयंरोजगाराला परवानगी नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या नावाच्या ॲप-खात्यावर घरोघरी जेवण पोचवण्याचं काम करणारी मुलं आपला व्हिसा पणाला लावत असतात. त्यांना दोष देववत नाही, कारण निघताना त्यांना कुणी खरं सांगितलेलंच नसतं. एजंटला विद्यापीठाकडून कमिशन मिळतं, म्हणून तो तुमच्याकडून पैसे घेत नाही. मला भेटलेल्या एजंटने लीड्सचं नावसुद्धा यादीत ठेवलं नव्हतं. अर्ज मी थेट केला आणि काहीही अडलं नाही.

शिक्षणानंतर तिथे राहून काम करण्यासाठीचा ग्रॅज्युएट रूट व्हिसा सध्या दोन वर्षांचा आहे. 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना, पीएच.डी. सोडून, 18 महिने मिळतील. म्हणजे 2026 च्या सप्टेंबरात जाणारे कमी मुदतीत येणार. पुढे कंपनीच्या स्पॉन्सरशिपवर, म्हणजे कंपनीने व्हिसाची जबाबदारी घेतल्यावर, मिळणाऱ्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी जुलै 2025 पासून पगाराची सर्वसाधारण मर्यादा 41,700 पौंड झाली आहे, नव्याने लागणाऱ्यांना 33,400. माझ्या वर्गातल्या हुशार मुलींनाही कंपन्यांनी मुलाखतीच्या पहिल्या पाच मिनिटांत स्पॉन्सरशिपचं विचारून थांबवलं. लग्न झालेल्यांनी लक्षात ठेवा, जानेवारी 2024 पासून वर्गात शिकवल्या जाणाऱ्या (संशोधनाच्या नव्हे) मास्टर्सला जोडीदार किंवा मुलं सोबत नेता येत नाहीत.

डिसेंबरात पावणेचारला अंधार पडतो, त्याची तयारी मनाने करा. कडक भाकरी आणि शेंगा चटणी भरपूर न्या, दोन्ही महिनोन्महिने टिकतात. तूप आणि पेढे नेऊ नका, दुधाचे पदार्थ नेण्यास बंदी आहे.

अर्ज करण्याआधी एक करा. विभागाला ईमेल करून एखाद्या मॉड्यूलची गेल्या वर्षीची रीडिंग लिस्ट मागा, मला तरी दोन दिवसांत पाठवली होती. त्यातले दोन लेख आठवडाभर घेऊन बसा. तिसरा आपणहून शोधावासा वाटला, तर बँकेत जा.