आमच्या भट्टीचा कार्बन हिशोब: हिंगण्यात घेतलेल्या सेवेचा अनुभव

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमचं पावडर कोटिंगचं, म्हणजे धातूच्या वस्तूंवर पावडरचा रंग भट्टीत भाजून बसवायचं, छोटं युनिट आहे, अकरा माणसांचं. बाबांनी सुरू केलं, आता मी बघते. मागच्या दिवाळीनंतर एका मोठ्या ग्राहक कंपनीकडून फॉर्म आला: वर्षभरात तुमच्याकडून किती कार्बन उत्सर्जन होतं ते कळवा. मी अंदाजे आकडे भरले. आठ दिवसांत फॉर्म परत, 'आधार जोडा' असा शेरा मारून. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केलाय, आणि आता त्यांची विचारणा आमच्यासारख्या पुरवठादारांपर्यंत पोचली आहे. ती टाळली तर कधीतरी कामच हातचं जाईल, हे मला स्पष्ट दिसत होतं.

त्याच आठवड्यात एकाचा फोन आला, दोन दिवसांत 'कार्बन न्यूट्रल', म्हणजे निव्वळ उत्सर्जन शून्य, असं सर्टिफिकेट देतो म्हणाला. युनिट बघायला कधी येता, विचारलं तर म्हणे गरज नाही. मी फोन ठेवला. मग ओळखीतून शहरातल्याच, असा कार्बन हिशोब करून देणाऱ्या दोघा सल्लागारांना बोलावलं. फी अठरा हजार.

त्यांनी आधी बारा महिन्यांची वीजबिलं, गॅसच्या पावत्या आणि डिझेलच्या चिठ्ठ्या मागितल्या. चिठ्ठ्या गोळा करण्यातच माझे चार दिवस गेले. मला वाटायचं, सगळा धूर जनरेटरचा आणि टेम्पोचा. वर्षाच्या कार्बन डायऑक्साइडचा हिशोब निघाला तो असा: वीज 28 टन, गॅस साडेवीस टन आणि डिझेल जेमतेम तीन टन. आपल्या ग्रिडची वीज मुख्यतः कोळशावरची, त्यामुळे विजेच्या एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. मी मानकापूरला राहते, कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राच्या धुरांड्या रोज बघते. माझ्या कॉम्प्रेसरचा धूर तिथून निघतो, हे मात्र कधी डोक्यातच आलं नव्हतं.

खरी किंमत वसूल झाली ती दुसऱ्या भेटीत. त्यांच्यातल्या ताईंनी भट्टी पेटलेली असताना दाराच्या कडेला पातळ कागदाची पट्टी धरली. आत 190 अंश होते. खालच्या कोपऱ्यात पट्टी फडफडायला लागली आणि तिची कड तपकिरी झाली. दाराची सीलची दोरी तिथं वीतभर जळून गेली होती. आमचे भट्टीवाले मामा शेजारीच उभे होते. म्हणाले, "मॅडम, हे तर मी दोन वर्षांपासून सांगून राहिलो जी." खरंच सांगत होते. मीच दर वेळी पुढच्या महिन्यावर ढकलत होते, त्याचं मला वाईट वाटलं. दोरी बदलली, दाराची बिजागरी सरळ केली. महिन्याला 30 सिलिंडर लागायचे, आता 26 लागतात. 19 किलोच्या सिलिंडरमागे सुमारे 57 किलो कार्बन डायऑक्साइड धरा. चार सिलिंडरचे पैसे वाचतात ते वेगळेच.

उणिवा चार आहेत. बिलावर केव्हीएएच आणि केडब्ल्यूएच (प्रत्यक्ष वापरलेली वीज) असे वेगवेगळे दोन्ही आकडे असतात. पहिल्या मसुद्यात त्यांनी एका महिन्याचा चुकीचा आकडा उचलला होता, तो मी पकडला. तीन आठवडे म्हणाले, पाच लागले. अहवाल पूर्ण इंग्रजीत आला. मला चालतं, पण मामांना आणि सुपरवायझरला वाचता आला असता तर जास्त उपयोग झाला असता, म्हणून सांगून मराठीत दोन पानं करून घेतली. चौथं म्हणजे, विकत घेतलेल्या पावडरचं उत्सर्जन त्यांनी खर्चाच्या रुपयांवरून काढलंय. पावडर महागली की कागदावर आमचं प्रदूषण वाढणार! हे वजनावरूनच काढायला हवं, तसं मी त्यांना कळवलंय.

तरी मी ही सेवा नक्की घ्या म्हणेन, भट्टी, बॉयलर किंवा मोठे कॉम्प्रेसर असलेल्यांनी तर आधी. फी ठरवण्याआधी दोन गोष्टी विचारा: युनिट चालू असताना बघायला येणार का, आणि कोणता आकडा कुठून घेतला ते लिहून देणार का. नुसतं दुकान असेल तर वीजबिल आणि वही घेऊन सुरुवात घरीच करता येते.

ग्राहकाने दुसऱ्या वेळी भरलेला फॉर्म एकही प्रश्न न विचारता स्वीकारला. एप्रिलमध्ये याच दोघांना पुन्हा बोलावलंय. तोवर सिलिंडर लावल्याची तारीख मामा स्वतः भट्टीशेजारच्या वहीत लिहितात, आणि पावडरचं वजन मी.